अडीच लिटर

मुहर्रकला परतलो तेव्हा ऑगस्ट अर्धा उलटला होता.
कुलूप उघडलं, तर घराआधी वास भेटला.
कुबट, ओल्या पोत्यासारखा,
सात आठवडे आत बसून कुणीतरी
तोंडातल्या तोंडात पुटपुटत असल्यासारखा.

जाताना एसी बंद केला होता.
विजेचे बारा दिनार वाचले.
तेच आता कपाटात उगवले होते:
पट्ट्यावर हिरवे, बुटांवर पांढरे,
लग्नातल्या कोटाच्या खांद्यांवर राखाडी, मऊ,
हात फिरवावासा वाटेल असे.

बुरशी मला माहीत होती ती लोणच्यावरची.
ओला चमचा बुडाला की आई म्हणायची, गेली बरणी.
कपाटालाही ती धरते
असं जालन्यात कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.
आमच्याकडे धुणं वाळत घालून मागे वळावं
तोवर टॉवेल पापडासारखा कडक.
घरात ओलं म्हणावं असं
रांजणाचं बूड तेवढं.

शुभदाची बाजू यंदा रिकामी.
मुलीची दहावी, म्हणून दोघी तिकडेच राहिल्या.
सोळा हँगर, चुकून राहिलेली एक ओढणी.
तिलाही धरली होती.

नातूर मोतालिब वर आला, दारातच थांबून हुंगलं.
सिलेटचा माणूस, पाण्यात वाढलेला.
आपण बसचा नंबर वाचतो तशी तो ओल वाचतो.
ब्लीच नको म्हणाला,
वरचा डाग जातो, लाकूड पाणी पितं, मूळ आत हसत राहतं.
पांढरं व्हिनेगर आण. तोंडाला फडकं बांध.
कोरडं झटकू नकोस,
उडेल, आणि तुझ्याच छातीत बिऱ्हाड करेल.
मग खांदा लावून त्यानं कपाट पुढं ओढलं.
मागच्या भिंतीवर एक अख्खा देश, काळा,
किनारे अजून वाढत असलेला.
"इतकं चिकटवून ठेवतात का?
वीतभर सोड. हवेला जायला वाट नको?"

दोन दिवस पुसत होतो.
पट्टा टाकला. बूट टाकले.
कोट दुपारी गच्चीवर टांगला, उन्हात,
चारला जाऊन उलटा केला, पापडासारखाच.
डाग गेले, वास मात्र अस्तरात राहिला.
टाकून द्या की, शुभदा फोनवर म्हणाली.
बघू म्हणालो.

देश सोडून निघालेल्या एका कुटुंबाकडून
ओल शोषणारं यंत्र घेतलं, अठरा दिनारांना.
(बारा वाचवले होते.)
रात्रभर ते कपाटाशी घुमतं.
दोन्ही दारं उघडी ठेवून झोपतो,
तिच्या बाजूचंही.
बंद ठेवलं की धरते.

पहिल्या सकाळी टाकी बाहेर काढली:
अडीच लिटर.
नळ नाही, पाऊस नाही,
नुसत्या खोलीतून निघालेलं.
थोडा माझा घाम असेल, थोडी आंघोळीची वाफ,
बाकी सगळा समुद्र, मीठ घरी ठेवून आलेला.
पिऊ नकोस, मोतालिबनं बजावलं होतं.
बेसिनपाशी नेलं,
आणि हात ओतायला तयार होईना.
पाहुण्याला अर्धाच पेला भरायला शिकलेला हात,
भांडी राखेनं घासून
एकाच पाण्यात तीनदा विसळणारा.

आता रोज सकाळी ती विचारते, आज किती?
लोक पाऊस विचारतात तसं.
अडीच, सांगतो. कधी पावणेतीन.
काल सांगितल्यावर ती जरा गप्प राहिली.
म्हणाली, इकडं पावसानं ओढ दिलीय,
टँकर परवापासून आला नाही.

फोन ठेवला.
टाकी हातात तशीच.
मग त्याच पाण्यानं फरशी पुसली.
स्वच्छ होती, तरी पुन्हा पुसली.